जास्तीच्या हालचाली

कारखान्यात ‘वर्क स्टडी’ करणारा माणूस आधी शिकतो ते कामातलं जास्तीचं ओळखायला. कामगार वाकून पेटीतला पार्ट उचलतो, उजव्या हातातून डाव्या हातात घेतो आणि मग फिक्श्चरवर बसवतो. वाकणं जास्तीचं; पेटी कमरेच्या उंचीवर आणली की ते संपतं. हातबदल जास्तीचा, पेटी डावीकडे सरकवली की तोही जातो. दर वेळी वाचतात दोन-तीन सेकंद, पण एका शिफ्टमध्ये शेकडो पार्ट निघत असतील तर त्या सेकंदांचे तास होतात. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकणच्या कारखान्यात एका गृहस्थांनी उमेदीची वर्षं हेच काम केलं. हातात स्टॉपवॉच, छातीशी धरलेला क्लिपबोर्ड, आणि समोर तीच ती कृती दिवसभर करणारा माणूस.

आता भोसरीत त्यांचं स्वतःचं लहानसं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक जुनी मिलिंग, कोपऱ्यात ड्रिल, आणि पोटमाळ्यावर सोल्डरिंगचं टेबल. पोट चालतं ते जिग-फिक्श्चरच्या ऑर्डरींवर. पण गेली काही वर्षं त्यांच्याकडे शिल्पकारही येऊ लागले आहेत. कुणाला हलणारं शिल्प हवं असतं, कुणाला माणूस जवळ आला की प्रतिसाद देणारं. कल्पना कलावंताची असते. मोटर कुठली, बेअरिंग कुठलं, प्रदर्शनात दिवसभर चालल्यावर काय तापेल आणि काय तुटेल, हे सांगणारा माणूस मात्र लागतोच. तो माणूस म्हणजे हे गृहस्थ. लेखात नाव देऊ नका, असं त्यांनी आधीच सांगितलं. शिल्प ज्याचं त्याचं नाव लागावं, इतकंच त्यांचं म्हणणं. शिल्पकार मंडळी त्यांना काका म्हणतात, तेव्हा इथेही काकाच म्हणू.

काकांकडे एक तरुण शिल्पकार आली ती पोळ्या लाटण्यावरचं काम घेऊन. एका लांब ओट्यावर पाच पोळपाट, प्रत्येकावर एक लाटणं. कणीक नाही, पिठी नाही, तवा नाही. बघायला आलेल्या माणसाने लाटण्याच्या मुठी धरायच्या, की लाटणं त्याचे हात सोबत घेऊन चालू लागेल. चाल कुणा काल्पनिक बाईची नव्हे. पुण्यातल्या एका पोळी-भाजी केंद्रात रोज सकाळपासून पोळ्या लाटणाऱ्या पाच बायकांची. एका पोळपाटावर एकीची. ज्या हाताची पोळी आपण खातो, तो हात किती वेळा पुढेमागे होतो हे डोळ्यांनी नव्हे, स्वतःच्या मनगटाने कळावं, असं तिला वाटत होतं.

काकांचा पहिला प्रश्न ठरलेला होता: एका पोळीला वेळ किती लागतो? दुसराही ठरलेलाच: त्यातल्या गरजेच्या हालचाली कोणत्या? शिल्पकार म्हणाली, सगळ्या. काकांना हे उत्तर नवं होतं आणि पुढचं सगळं काम त्या एका उत्तराभोवती फिरलं.

बोलता बोलता दोघांच्या ध्यानात आलं की एकच छायाचित्र त्यांनी दोन वेगळ्या वाटांनी पाहिलं होतं. काकांनी मेकॅनिकलच्या डिप्लोमाच्या पुस्तकात, तिने कलेच्या इतिहासात. छायाचित्र फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याच्या अभ्यासातलं. फ्रँक गिलब्रेथ मुळात गवंडी. वीट लावताना गवंड्याच्या 18 हालचाली होतात आणि विटांची रास, माल आणि उभं राहायची जागा नीट मांडली तर त्या सुमारे 5 वर येतात, हे त्याने दाखवून दिलं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या दोघांनी कामगारांच्या बोटांना बारीक दिवे बांधले आणि कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून त्यांचे फोटो काढले. हात जिथून जिथून गेला तिथे फोटोत प्रकाशाची रेघ उमटली. दिवा ठरावीक वेगाने उघडझाप करणारा असेल तर रेघेचे तुकडे पडतात आणि त्या तुकड्यांवरून वेळ मोजता येतो. त्या रेघा पाहून गिलब्रेथ यांनी तारेची वळणं केली, पाटीवर उभी केली आणि कामगारांना शिकवण्यासाठी वापरली.

वळणदार तारेचे हे नमुने म्हणजे रोजच्या कामाची शिल्पंच आहेत. ती करणाऱ्यांना शिल्प करायचं नव्हतं, एवढाच फरक. फ्रँक 1924 मध्ये गेला. कारखान्याविषयी बाईचा सल्ला घ्यायला मालक बिचकू लागले, तेव्हा मुलांचं मोठं खटलं सांभाळणाऱ्या लिलियनने तीच दृष्टी स्वयंपाकघराकडे वळवली. शेगडी, ओटा आणि शीतकपाट यांच्यामध्ये बाईची किती पावलं जातात ती मोजली आणि मांडणी बदलून ती कमी केली. तेव्हा पोळी लाटणाऱ्या हातावर मोजमापाची नजर टाकणं हे काही आजचं खूळ नाही. फक्त गिलब्रेथ यांना जे गाळायचं होतं, ते या शिल्पात राखायचं होतं.

केंद्रात पहिल्या दिवशी काका गेले तेव्हा बायकांनी त्यांच्याकडे पाहिलं ती नजर त्यांच्या ओळखीची होती. कारखान्यात स्टॉपवॉचवाला शेजारी उभा राहिला की कामगाराचा हात आपोआप मंदावतो, कारण मोजणीनंतर टार्गेट वाढतं हे त्याला ठाऊक असतं. इथेही एकीने सरळ विचारलं, “म्हणजे सर, आता तासाला किती पोळ्या व्हायला पाहिजेत?” या बायकांना पैसे नगावर मिळतात. मोजणारा माणूस आला म्हणजे दर खाली येणार किंवा आकडा वर जाणार, ही भीती अजिबात खोटी नव्हती. काकांनी आणि शिल्पकाराने केंद्र चालवणाऱ्या बाईंसमोरच दोन गोष्टी ठरवल्या. नोंद घेण्याच्या दिवशी प्रत्येकीला पूर्ण रोज मिळेल, पोळ्या कितीही होवोत. आणि निघालेले आकडे केंद्राला दिले जाणार नाहीत. माझ्या मते या शिल्पातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता. मोटर आणि सेन्सरच्या गप्पा त्यानंतरच्या.

नोंद घ्यायची कशी? सुरुवातीचा विचार लाटणंच पोकळ करून त्यात गतीचा सेन्सर बसवायचा होता. तसं एक लाटणं काकांनी लेथवर केलंही. केंद्रातल्या सगळ्यात जुन्या मावशींनी ते हातात घेतलं, एक पोळी लाटली आणि परत दिलं. वजन एका टोकाला गेलंय, म्हणाल्या. वर्षानुवर्षं एकाच लाटण्यावर बसलेला हात तोळाभर फरकही सहन करत नाही. मग लाटण्याला हात लावायचा नाही असं ठरलं. दोन्ही टोकांना रंगीत पट्टी आणि वरून कॅमेरा, म्हणजे लाटणं कुठे आहे ते कळेल. पोळपाटाच्या चार कोपऱ्यांखाली चार लोडसेल, म्हणजे दाब किती आणि कुठे तेही कळेल. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तोच हा भाग: वजनाने धातूची पट्टी डोळ्यांना न दिसण्याइतकी वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल मोजला जातो. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळं सामान मिळतं. अडचण होती ती वाफेची आणि पिठीची. कॅमेऱ्याच्या भिंगावर थोड्या वेळाने पांढरा थर बसायचा, आणि तो पुसायला कुणीतरी उभंच राहावं लागे.

आणि मग आलेख दिसू लागले.

चार कोपऱ्यांचे चार आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर काकांना दिसलं की दाब कधीच दोन्ही बाजूंना सारखा नसतो. लाटणं पुढे जाताना एका हाताचा भार किंचित जास्त, मागे येताना दुसऱ्याचा. या तफावतीमुळेच पोळी लाटण्याखाली आपोआप फिरत राहते. सराईत बाई ती हाताने उचलून फिरवत नाही. ज्यांनी पोळ्या लाटल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. पण मावशींना विचारलं, तुम्ही हे कसं करता, तर त्यांना सांगता येईना. त्या म्हणाल्या, मी कुठे काय करते, ती फिरते. ज्ञान हातात इतकं मुरलेलं की त्याला बोलण्यात जागाच उरलेली नाही, आणि ते कागदावर चार रेघांत स्वच्छ उमटलेलं. काका सांगतात, कारखान्यातल्या नोकरीत त्यांनी हजारो आलेख काढले, पण आलेख बघून उठून उभं राहावंसं वाटलं ते त्या दिवशी.

दुसरी गोष्ट थांब्यांची. लाटणारीचा हात मधे मधे थांबतो. वर्क स्टडीच्या तक्त्यात याला ‘प्रतीक्षा’ म्हणून वेगळा रकाना असतो आणि तो शक्य तितका रिकामा करायचा असतो. केंद्रात मात्र दोघी मिळून काम करतात; एक लाटते, दुसरी शेकते. तव्यावरची पोळी फुगून उतरेपर्यंत लाटलेली पोळी टाकता येत नाही. म्हणून लाटणारी शेवटचे दोन हात सावकाश फिरवते, किंवा लाटणं पोळपाटाच्या कडेवर हलकेच आपटून पिठी झाडते, किंवा नुसतीच तव्याकडे बघते. प्रत्येक थांब्यात दुसरी बाई आहे. तो थांबा काढून टाकला तर आलेख सुटसुटीत होईल आणि शेकणारी बाई त्यातून नाहीशी होईल.

शिल्पकाराचा एक इंजिनिअर मित्र सॉफ्टवेअर लिहीत होता. नोंदी त्याच्याकडे गेल्या, आणि त्याने चांगला इंजिनिअर करील तेच केलं: गोंगाट गाळला, टोकं गुळगुळीत केली, एकेकीच्या अनेक पोळ्यांची सरासरी काढून एक छान चक्र बनवलं. ते मोटरवर चढवलं तेव्हा लाटणं डौलात चाललं, पण मूठ धरून पाहिल्यावर काकांना त्यात कुणीच भेटलं नाही. सरासरी ही कुणाचीच चाल नसते. मग तिघं बसून नोंदीतला एकेक उंचवटा तपासू लागले. शेजारच्या मिक्सरची थरथर काढायची. विजेच्या तारांतून येणारा 50 हर्ट्झचा गुणगुणाट काढायचा. पण हा एक टोकदार उंचवटा, जो दर तीन-चार पोळ्यांनी येतो आणि गाळणीत हमखास वगळला जातो, तो म्हणजे लाटणं आपटून पिठी झाडणं. तो ठेवायचा. गोंगाट कुठे संपतो आणि बाई कुठे सुरू होते, ही रेषा सॉफ्टवेअरला ठरवता येत नव्हती; त्यासाठी दर वेळी व्हिडिओ लावून बघावं लागलं. या कामाला लागलेला वेळ वाया गेला असं तिघांपैकी कुणीही म्हणत नाही.

नोंद किती लांब हवी, हाही मोठा वादाचा मुद्दा होता. चार-पाच मिनिटांचा तुकडा फिरवत ठेवणं सोपं. पण पुनरावृत्ती ओळखण्यात माणसाचं शरीर तरबेज असतं. तोच तुकडा पुन्हा आला की हाताला ते कळतं. नेदरलँडचा डिझायनर मार्टन बास याची घड्याळं या वेळी उपयोगी पडली. 2009 मध्ये त्याने एक घड्याळ केलं, ज्यात दोन झाडूवाले कचऱ्याच्या दोन लांब ओळी झाडत झाडत पुढे सरकवतात. त्या ओळी म्हणजे तासकाटा आणि मिनिटकाटा. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर 2016 पासून त्याचं दुसरं घड्याळ टांगलेलं आहे. दुधी काचेमागे निळ्या कपड्यांतला एक माणूस दर मिनिटाला काटा पुसतो आणि नवा काटा रंगवतो. खरं तर तो आत नाही, तो व्हिडिओ आहे. पण तो 12 तासांचा आहे. म्हणजे काटा पुसण्याचं ते काम कुणीतरी खरोखर 12 तासांच्या चित्रीकरणासाठी केलेलं आहे, एका मिनिटाचा तुकडा फिरवलेला नाही. आणि म्हणूनच खाली उभ्या प्रवाशाला क्षणभर वाटतं की आत माणूस आहे. हे पाहिल्यावर काकांनी तुकड्याचा विचार सोडला. प्रत्येक बाईची अख्खी सकाळ नोंदवली गेली, चहाच्या सुट्टीसकट. त्यामुळे प्रदर्शनात कधी कधी एखादं लाटणं बराच वेळ निश्चल असतं. ते बंद पडलेलं नाही, त्या बाई चहा पीत आहेत.

त्यावर गॅलरीतून विचारणा झाली होती की लोक बंद यंत्र समजून पुढे निघून जातील, तर सुट्टी वगळता येईल का. शिल्पकाराने नकार देताना तेचिंग शे याचं उदाहरण दिलं. मूळचा तैवानचा हा कलावंत 11 एप्रिल 1980 पासून वर्षभर न्यूयॉर्कमधल्या आपल्या स्टुडिओत दर तासाला, रात्रंदिवस, कारखान्यात असतं तसल्या घड्याळावर कार्ड पंच करत राहिला. अंगात कामगाराचा करडा गणवेश, सुरुवातीला डोकं तुळतुळीत केलेलं; प्रत्येक पंचिंगला फिल्मची एक चौकट. पूर्ण फिल्म साधारण 6 मिनिटांची आहे आणि तीत बघता बघता केस खांद्यावर येतात. वर्षाचे तास 8,760. त्यातली 133 पंचिंग चुकली: 94 झोपेमुळे, 29 उशीर झाल्यामुळे, 10 वेळेआधी केल्यामुळे. हा हिशोब त्याने स्वतः मांडून ठेवला आहे. काकांच्या नोकरीत पंचिंग कार्डावर लाल शेरा म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार कापला जायचा. चुकलेल्या पंचिंगचीही कुणी इतक्या आदराने नोंद ठेवतो, हे त्यांना फार भावलं. चहाची सुट्टी शिल्पात राहिली.

आता मोटरविषयी, कारण काकांचा खरा जीव तिथे आहे.

हलत्या शिल्पांत सर्रास वापरतात ती छोटी सर्व्हो मोटर. तिला कोन सांगायचा, ती त्या कोनाला जाऊन घट्ट बसते. डॅनियल रोझिन याने 1999 मध्ये न्यूयॉर्कमध्ये केलेला लाकडी आरसा या प्रकारातला सगळ्यात देखणा नमुना आहे. पाइनच्या लाकडाचे 830 चौकोनी तुकडे, प्रत्येकामागे एक सर्व्हो, मधोमध लपवलेला कॅमेरा. समोर माणूस उभा राहिला की तुकडे वरखाली कलतात. वरून येणाऱ्या उजेडाकडे कललेला तुकडा उजळ दिसतो, खाली झुकलेला गडद, आणि लाकडात माणसाची प्रतिमा उमटते. रोज सकाळी आरशासमोर जे होतं तेच, पण प्रत्येक हालचालीबरोबर शेकडो लाकडी टकटकींचा आवाज. त्या कामात सर्व्हो अगदी योग्य, कारण तिथे कुणी तुकड्याला हात लावत नाही. इथे मात्र माणूस लाटणं धरणार. ‘या जागी जा’ एवढंच कळणारी मोटर समोरचा हात आडवा आला तरी तिथे जाणारच, मनगट मुरगळेल.

मग जास्त ताकदीची मोटर आणि गिअरबॉक्स? गिअरने वेग कमी होतो आणि जोर वाढतो, पण जितकी घट जास्त तितकं ते उलट्या बाजूने हलवणं अवघड. शिल्पकाराने त्यांना आर्थर गॅन्सन या अमेरिकन शिल्पकाराचं काँक्रीटचं यंत्र दाखवलं. एका टोकाला भरभर फिरणारी मोटर, मधे 50 ला 1 अशी घट करणाऱ्या वर्म गिअरच्या 12 जोड्या आणि दुसऱ्या टोकाचं शेवटचं चाक चक्क काँक्रीटच्या ठोकळ्यात रुतवलेलं. तरी मोटर निवांत चालू असते, कारण मिनिटाला 200 फेऱ्या धरल्या तर शेवटच्या चाकाची एक फेरी व्हायला 2 लाख कोटींहून जास्त वर्षं लागतील. काकांनी लगेच कागद घेऊन गुणाकार केला आणि आकडा बरोबर निघाल्यावर तो कागद भिंतीवर चिकटवला. तो अजून तिथे आहे. पण त्यांच्या कामाचा धडा उलटा होता. वर्म गिअर मोटरकडून फिरतो, चाकाकडून फिरवू गेलं तर अडतो. ज्या यंत्राने समोरच्याचा हात ओळखायचा आहे, त्यात असा अडणारा भाग चालणार नाही.

शेवटी निवड झाली ती बिनब्रशच्या मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या मोटरची. गिअरबॉक्स नाही, एकच टायमिंग बेल्ट आणि टोकाला किती फिरलं ते मोजणारा एन्कोडर. तिला जागा सांगायची नाही, जोर सांगायचा. मोटरमधला विद्युतप्रवाह जितका, तितका जोर. तो मर्यादेत ठेवला की लाटणं हाताला नेतं, पण हाताने नाही म्हटलं तर थांबतं. ही मर्यादा ठरवायला काकांनी वर्कशॉपमधल्या प्रत्येकाचा हात लावून पाहिला, शेजारच्या गाळ्यातल्या दहावीतल्या मुलीचासुद्धा. लहान मुलालाही इजा होऊ नये आणि मोठ्या माणसालाही चाल जाणवावी, यातला मधला टप्पा अगदी अरुंद आहे.

याच सुमारास त्यांच्या पाहण्यात सुन युआन आणि पंग यू या चिनी कलावंत जोडीचं काम आलं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयासाठी 2016 मध्ये केलेलं, पुढे 2019 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत मांडलेलं. पारदर्शक भिंतींच्या खोलीत एक कुका कंपनीचा औद्योगिक रोबो, हाताच्या टोकाला रबरी पट्टीचा खराटा. भोवती रक्तासारखा दाट लाल द्रव पसरत राहतो आणि ठरलेल्या सीमेबाहेर जाऊ लागला की रोबो तो आत ओढतो. पुन्हा पसरतो, पुन्हा ओढतो. मधल्या वेळात रोबो नाचल्यासारखं काही करतो. अशा 32 हालचाली त्याला शिकवल्या होत्या. समाजमाध्यमांवर याचे व्हिडिओ फिरले ते अशा मजकुरासह की तो द्रव म्हणजे रोबोचं स्वतःचं तेल आहे, ते गोळा केलं नाही तर तो मरेल. काकांना हे मनापासून खटकतं. हा रोबो विजेवर चालतो, आणि तो द्रव म्हणजे रंगीत पाण्यात घट्टपणासाठी सेल्युलोज ईथर मिसळलेलं मिश्रण. त्याच्या कामाला कथेची गरजच नाही, असं ते म्हणतात. फरशी पुसून झाली की पुन्हा ओली होते आणि पुन्हा पुसावी लागते, हे दृश्य आपापल्या घरात रोज बघणाऱ्याला त्या लाल फटकाऱ्यांनी गलबलून येतं, त्यात तेलाचं खोटं घालायचं कशाला? त्या रोबोभोवतीची भिंत त्यांना ओळखीची वाटली. कारखान्यातल्या वेल्डिंग रोबोंनाही कुंपण असतं, आत माणूस शिरला की सगळं थांबतं. आपल्या शिल्पाला कुंपण नसावं, हे त्यांनी ते पाहूनच पक्कं केलं.

प्रदर्शनात काय घडलं ते शिल्पकाराच्या अंदाजाबाहेरचं होतं. ज्यांनी कधी पोळी लाटलेली नाही, ते मूठ धरतात आणि लाटणं नेईल तिकडे जातात. थोड्या वेळाने खांदे दुखू लागतात आणि मग ते ओट्यामागे टांगलेल्या पाटीवरचं त्या बाईंचं नाव वाचतात. नाव लावायचं की नाही हे प्रत्येकीला विचारलं होतं. चौघींनी होकार दिला, एकीने फक्त गावाचं नाव लावायला सांगितलं. पण रोज पोळ्या करणाऱ्या बायका आल्या की वेगळंच होतं. त्यांचा हात नेला जात नाही. तो विरोध करतो. “एवढा जोर कशाला देतेय ही?” असं एकीने मशीनकडे बघत मोठ्याने म्हटलं. मोटर जोर सोडते, लाटणं मधेच अडखळतं आणि दोन सवयी एकमेकींशी भांडत राहतात. हळूहळू कुठेतरी जुळतात किंवा जुळतही नाहीत. केंद्रातल्या मावशी आल्या तेव्हा स्वतःच्या पोळपाटापाशी गेल्याच नाहीत. त्या शेजारणीच्या लाटण्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ही इतकी भरभर करते म्हणूनच तिचा खांदा धरतो.

शिल्पकाराला सुरुवातीला यात जात्यावरच्या ओव्याही वाजवायच्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हॅं यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आहेत. दळणाच्या लयीत बायकांनी काय काय सांगून ठेवलं याचं ते मोठं भांडार आहे. पण केंद्रातल्या बायका ओव्या म्हणत नाहीत. त्यांच्या ओट्यावर मोबाइल असतो, त्यावर मालिका किंवा अभंग लागलेले असतात, आणि बोलणं चालू असतं. ज्या कामाची जी सोबत, तीच ठेवावी म्हणून ध्वनी केंद्रातलाच ठेवला. मला हा निर्णय योग्य वाटतो. दुसऱ्या पिढीचं दुःख उसनं आणून शिल्प भारदस्त करण्याचा मोह तिने टाळला.

रोज सकाळी प्रदर्शन उघडण्याआधी गॅलरीतला एक मदतनीस मुठी ओल्या फडक्याने पुसतो, बेल्टचा ताण बोटाने दाबून बघतो, पोळपाट मोकळे असताना लोडसेल शून्यावर आणतो आणि पाचही लाटण्यांचा आवाज कान देऊन ऐकतो. बेअरिंग कोरडं पडलं तर आवाज आधी सांगतो. ही यादी काकांनी मराठीत लिहून भिंतीवर लावली आहे. अमेरिकन कलावंत मिअर्ल लेडरमन युकलेस हिने 1969 मध्येच जाहीर केलं होतं की स्वच्छ करणं, सांभाळणं, पुन्हा जागेवर ठेवणं हीच आपली कला. पुढे 1979-80 मध्ये तिने न्यूयॉर्कच्या सफाई खात्यातल्या सुमारे 8,500 कामगारांशी एकेक करून हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल त्यांचे आभार मानले. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग पाटीवर त्या मदतनिसाचंही नाव हवं. आता ते आहे.

सध्या वर्कशॉपमध्ये पुढच्या कामाची तयारी चालू आहे. विषय भाकरीचा. इथे लाटणं नाही, त्यामुळे पाहुण्याच्या हातात द्यायला काही वस्तूच नाही. तळहात थापतो आणि त्याच वेळी भाकरी परातीत फिरवत नेतो. दाब बोटांच्या पेरांपासून मनगटाकडे सरकत जातो. परातीखालच्या लोडसेलने थापेचा जोर मिळतो, पण हाताचा कोणता भाग कधी टेकला ते मिळत नाही. काकांनी सिलिकॉनची एक मऊ गादी केली आहे, तिच्याखाली दाब टिपणाऱ्या पातळ पट्ट्यांची जाळी. ज्वारीच्या पिठाच्या ओलाव्याने ती दर थोड्या वेळाने खोटे आकडे देते. शिल्पकाराचं म्हणणं आहे की स्पर्श सोडून द्यावा आणि फक्त थापेचा आवाज घ्यावा. भाकरीची ओळख कानाला आधी होते. काका अजून कबूल झालेले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते मंचरजवळच्या एका खानावळीत जाणार आहेत, गादी आणि माइक दोन्ही घेऊन.